जुन्या टीव्हीची नीट विल्हेवाट: घरापासून काच वितळेपर्यंत

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही दारात आणून ठेवला आणि कोणी हसतमुखाने चार पैसे मोजून तो उचलून नेला, तर समजायचं की कुठेतरी पाणी मुरतंय. हा टीव्ही नीट मोडायला जेवढा खर्च येतो, तेवढी किंमत त्यातून निघत नाही. विकण्याजोगं तांबं नळीच्या मानेवर बसवलेल्या कॉईलमध्ये असतं, पडद्याभोवती फिरवलेल्या वेटोळ्यात असतं, थोडंफार सर्किट बोर्डवर असतं. निम्म्याहून जास्त वजन मात्र काचेचं, आणि त्या काचेत शिसं. पैसे देऊन नेणारा बहुतेक वेळा तांबं काढून घेतो आणि काच ओढ्यात, खाणीत किंवा रस्त्याकडेच्या खड्ड्यात जाते. तुमच्या घरातली जागा मोकळी झाली, एवढंच.

म्हणून ‘हा टीव्ही कोण नेईल’ हे विचारण्याआधी ‘याची काच, याचा पारा, याचं प्लास्टिक शेवटी कुठे जाईल’ हे विचारायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका प्रश्नाच्या मागे जातात.

पायरी १: टीव्हीची जात ओळखा

धोका कुठे आहे आणि टीव्ही कोणाकडे न्यायचा, हे त्याच्या जातीवर ठरतं. त्यामुळे ही पायरी टाळू नका.

मागे पोट सुटलेला, उचलताना कंबर धरेल असा जड टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूबचा. २९ इंची संच ४० किलोच्या आसपास भरतो. रंगीत नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात शिशाची काच वापरलेली असते, कारण आतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने आदळताना थोडे क्ष-किरण तयार होतात आणि शिसं ते अडवतं. पुढच्या पडद्याच्या काचेत मात्र बहुतेक बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असतं. तिथे शिसं घातलं तर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने काच हळूहळू तपकिरी पडते. मोठ्या नळीत दीड-दोन किलो शिसं सहज असतं. कृष्णधवल नळीत ते बरंच कमी.

कपाटाएवढा, आत तीन छोट्या नळ्या असलेला रिअर प्रोजेक्शन टीव्ही कोणाकडे उरला असेल तर त्यात थंडाव्यासाठी ग्लायकॉलचं द्रावण भरलेलं असतं. तो आडवा करू नका, गळतो.

सपाट टीव्हींमध्ये खरा फरक पडद्यामागच्या उजेडाचा आहे. साधारण २०१० च्या आधीच्या बहुतेक एलसीडी संचांत पडद्यामागे पेन्सिलीपेक्षा बारीक फ्लुरोसेंट नळ्या असतात आणि त्या प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. मोठ्या टीव्हीत अशा डझनभर किंवा त्याहून जास्त नळ्या निघतात. पुढे त्यांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या आणि पारा गेला. आपण ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तोही एलसीडीच असतो, फक्त मागचा उजेड एलईडीचा. आपला संच यातला कोणता, हे मागच्या लेबलवरचं साल आणि मॉडेल क्रमांक बघून कळतं. चार बोटं जाड आणि चालू केल्यावर पूर्ण उजळायला थोडा वेळ घेणारा असेल तर पाऱ्याचाच धरून चाला. शंका आली तरी पाऱ्याचाच धरा, त्यात नुकसान काही नाही.

प्लाझ्मा टीव्ही जड, काच पुढे, मागून उष्ण. त्यात निऑन-झेनॉन वायू असतात, पारा साधारणपणे नसतो. मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास त्यांचं उत्पादन थांबवलं. ओएलईडीत पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे मागचा उजेडच नसतो.

जात कोणतीही असो, मागच्या प्लास्टिक आवरणात आग पसरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायनं मिसळलेली असू शकतात, आणि जुन्या बोर्डांच्या डागकामात शिसं असतं. युरोपात १ जुलै २००६ पासून अशा शिशावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी हळूहळू बिनशिशाचं डागकाम स्वीकारलं.

पायरी २: तो खरंच मेलाय का, हे तपासा

बंद पडलेल्या कित्येक टीव्हींचा पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, ठणठणीत असतो. आवाज येतोय पण पडदा काळा असेल तर खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. पुसट हलतं चित्र दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. एलईडीच्या पट्ट्या बदलून हा संच पुन्हा चालतो. चालूच होत नसेल किंवा टिकटिक करून बंद पडत असेल तर पॉवर सप्लायमधला फुगलेला कॅपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) हा नेहमीचा संशयित. हे काम मेकॅनिककडून करून घ्या. पडदाच तडकला असेल तर विसरा. नवा पॅनेल बहुधा नव्या टीव्हीच्या किमतीला जाऊन भिडतो.

स्मार्ट टीव्ही ‘संथ झाला’, ‘अ‍ॅप चालत नाहीत’ म्हणून तो टाकायला काढणं हे मला सर्वांत खटकतं. पडदा उत्तम असतो, म्हातारा झालेला असतो तो आतला छोटा संगणक. एचडीएमआयच्या खाचेत एक स्ट्रीमिंग स्टिक लावली की तोच टीव्ही अनेक वर्षं चालतो. संगणकाचा दुसरा पडदा किंवा कॅमेऱ्यांचा मॉनिटर म्हणूनही तो कामाला येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. चालतोय म्हणून प्रत्येक टीव्ही चालवत राहणं शहाणपणाचं नसतं. ४२ इंची जुना प्लाझ्मा २०० वॅटच्या पुढे वीज ओढतो. तेवढाच एलईडी संच बहुधा १०० च्या आत राहतो. रोज पाच-सहा तास चालणार असेल तर तो निवृत्त केलेला बरा. आठवड्यातून एखादा सिनेमा बघण्यापुरता असेल तर राहू द्या.

पायरी ३: चालू असेल तर योग्य हातात द्या

वापरात राहणारा टीव्ही हा मोडल्या गेलेल्या टीव्हीपेक्षा केव्हाही चांगला. पण देताना खरं सांगा. ‘कधीकधी रेघा येतात’ हे लपवून संस्थेच्या गळ्यात मारलेला संच म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या खर्चाने टाकणं. आधी विचारा, त्यांना हवा आहे का, कोणत्या आकारापर्यंत हवा आहे. रिमोट, पॉवर केबल, पायाचा स्टँड आणि त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून टीव्हीच्या पाठीला चिकटवा. स्टँडच्या स्क्रूअभावी भिंतीला टेकवून ठेवलेले आणि मग घसरून फुटलेले टीव्ही मी पाहिले आहेत.

पिक्चर ट्यूबवाल्यांना एक अनपेक्षित गिऱ्हाईक आहे: जुने व्हिडिओ गेम खेळणारे. त्या काळच्या खेळांतली प्रकाश-बंदूक नळीच्या पडद्यावर चित्र रेघेरेघेने रंगण्याच्या वेळेवर अवलंबून असते. सपाट पडद्यावर ती चालत नाही. चित्र चांगलं असलेला छोटा नळीचा टीव्ही असेल तर मोडीत काढण्यापूर्वी अशा मंडळींच्या गटांत विचारून बघा. हा बाजार छोटा आहे, त्यामुळे अपेक्षाही बेताचीच ठेवा.

पायरी ४: आतली माहिती पुसा

हे फक्त स्मार्ट टीव्हीला लागू. सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे वायफायचा पासवर्ड, जोडलेली खाती, पाहण्याचा इतिहास हे सगळं जातं. टीव्ही चालूच होत नसेल तर मोबाइलवरून प्रत्येक स्ट्रीमिंग खात्यात जा आणि उपकरणांच्या यादीतून हा टीव्ही काढून टाका. मागे खोचलेला पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सेट-टॉप बॉक्सचं कार्ड काढून घ्या. रिमोटमधल्या बॅटऱ्या वेगळ्या करा. त्या गळल्या असतील तर पांढरी भुकटी हाताला लागू देऊ नका, ती क्षारयुक्त असते. बॅटऱ्या बॅटऱ्यांच्या संकलन डब्यात जातील.

पायरी ५: स्वतः उघडू नका

यावर जरा रेंगाळतो, कारण इंटरनेटवर ‘जुन्या टीव्हीतून तांबं काढा’ छापाचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि ते सगळे सोपे वाटतात.

रंगीत पिक्चर ट्यूबला चालताना २०,००० ते ३०,००० व्होल्टचा दाब लागतो. नळीच्या काचेला आतून-बाहेरून काळा वाहक लेप असतो. मध्ये काच, दोन्ही बाजूंना लेप, म्हणजे ती नळीच एक मोठा कॅपॅसिटर होते. प्लग काढल्यानंतरही तिच्यात भार साठून राहतो, कधीकधी दिवसच्या दिवस. त्या झटक्याने जीव नाही गेला तरी हात झटकला जातो, आणि झटकलेला हात नळीच्या मानेवर आदळतो.

नळीत निर्वात पोकळी असते. बाहेरून हवेचा दाब सगळीकडून दाबत असतो, म्हणून पडदा इतका जाड बनवलेला असतो. मान तुटली तर हवा सुळकन आत शिरते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. घाव नरसाळ्यावर बसला तर काच आत कोसळून पुन्हा बाहेर उडते. पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फरची, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारी भुकटी असते: जस्ताची आणि इट्रियमची संयुगं, आणि फार जुन्या नळ्यांत कॅडमियमही. ती फुंकराने उडते आणि श्वासात जाते.

पाऱ्याच्या नळ्या असलेल्या सपाट टीव्हीत विजेचा धोका कमी, पण त्या नळ्या इतक्या नाजूक असतात की मागचं आवरण ओढलं तरी मोडतात.

आणि जाळणं? वायरीवरचं प्लास्टिक जाळून तांबं मोकळं करणं हा सर्वांत विषारी मार्ग. पीव्हीसी आणि ब्रोमीनयुक्त प्लास्टिक उघड्यावर जळलं की डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी रसायनं तयार होतात. ते राखेबरोबर मातीत आणि तिथून अन्नात शिरतात. चीनमधलं ग्वियू आणि घानाच्या अक्रा शहरातलं अग्बोगब्लोशी ही ठिकाणं अशाच उद्योगामुळे जगभर बदनाम झाली.

एक व्यावहारिक कारणही आहे. कॉईल कापून घेतलेला, बोर्ड काढलेला टीव्ही पुनर्प्रक्रिया करणारे घ्यायला कुरकुर करतात किंवा जास्त शुल्क मागतात. त्यांच्या हिशेबात त्या तांब्याचाच काचेच्या खर्चाला टेकू असतो. तो आपण काढून घेतला की उरतो नुसता तोटा. केबलसुद्धा कापू नका.

पायरी ६: कोणाकडे द्यायचा ते ठरवा

ज्याने वस्तू बनवून विकली त्यानेच तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडलं, आणि आज अनेक देशांचे ई-कचऱ्याचे कायदे त्यावर उभे आहेत. म्हणून पहिली चौकशी टीव्हीच्या कंपनीकडे करा. त्यांच्या संकेतस्थळावर जुनी उपकरणं परत घेण्याची सोय बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत असते. नवा टीव्ही घेत असाल तर विक्रेत्याला विचारा की जुना नेणार का, आणि नेऊन पुढे कोणाला देणार. ‘एक्सचेंज’ म्हणून नेलेला टीव्ही भंगाराच्या बाजारात गेला तर त्या सवलतीत पर्यावरणाचा काही फायदा नाही.

दुसरा मार्ग स्थानिक प्रशासनाचं ई-कचरा संकलन केंद्र. तिसरा, परवानाधारक पुनर्प्रक्रिया कंपनी. परवाना आहे की नाही हे त्या-त्या ठिकाणच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडून पडताळता येतं. याशिवाय आर-टू आणि ई-स्टुअर्ड्स ही पुनर्प्रक्रिया कंपन्यांची दोन प्रमाणपत्रं आंतरराष्ट्रीय पातळीवर चालतात, आणि युरोपात ईएन ५०६२५ ही मानकांची मालिका आहे. प्रमाणपत्राचा कागद भिंतीवर दिसला म्हणून थांबू नका. ते चालू आहे का आणि याच पत्त्यासाठी आहे का, हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या यादीत बघा.

मग फोन करा आणि सरळ विचारा: नळीची काच तुम्ही स्वतः वेगळी करता की पुढे पाठवता? पाठवत असाल तर कुठे? पाऱ्याच्या नळ्या कोण काढतं? काही माल परदेशी जातो का? नीट काम करणाऱ्याकडे याची उत्तरं तयार असतात आणि तो ती देताना वैतागत नाही. ‘सगळं रिसायकल होतं, काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे.

शुल्क मागितलं तर लगेच भडकू नका. पूर्वी जुन्या नळ्यांची काच नव्या नळ्यांसाठी वितळवली जायची. नव्या नळ्या बनायच्या थांबल्या आणि ही वाट बंद झाली. शिसं वितळवणाऱ्या काही भट्ट्या ही काच घेतात, पण त्यांची क्षमता मर्यादित. अमेरिकेत काही कंपन्यांनी गोळा करण्याचे पैसे घेतले, काच गोदामांत रचत गेल्या आणि शेवटी ढिगारे सोडून पसार झाल्या. म्हणूनच ‘कुठे पाठवता’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

चांगल्या कारखान्यात काय होतं, हे माहीत असलं की प्रश्न विचारणं सोपं जातं. निर्वात नळीत आधी सावकाश हवा सोडतात. मग गरम तारेने किंवा हिऱ्याच्या करवतीने पुढची काच आणि नरसाळं वेगळं करतात, फॉस्फर बंदिस्त यंत्रात शोषून घेतात. शिशाची काच भट्टीकडे, बिनशिशाची इतर वापरांकडे. सपाट टीव्हीच्या पाऱ्याच्या नळ्या हाताने सुट्या करतात किंवा संपूर्ण पॅनेल बंदिस्त, हवा बाहेर निसटणार नाही अशा यंत्रात फोडतात. सर्किट बोर्ड तांब्याच्या मोठ्या भट्ट्यांत जातात आणि तिथे तांब्याबरोबर सोनं, चांदी, पॅलेडियमही मिळतं. ब्रोमीनचं प्लास्टिक साध्या प्लास्टिकमध्ये मिसळू नये म्हणून ते वेगळं काढलं जातं; तसं केलं नाही तर तीच रसायनं पुढे भलत्याच वस्तूत उगवतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. परदेशी जाणाऱ्या मालावर १९८९ च्या बासेल कराराचं, म्हणजे घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या ने-आणीवरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. १ जानेवारी २०२५ पासून, घातक असो वा नसो, कोणताही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाची आगाऊ संमती हवी. ‘वापरलेला माल’ किंवा ‘देणगी’ अशी चिठ्ठी लावून बंद टीव्ही पाठवणं ही जुनी पळवाट, आणि म्हणूनच तिसऱ्या पायरीत खरं सांगायचा आग्रह धरला.

पायरी ७: नेताना

नळीच्या टीव्हीचं बहुतेक वजन पडद्याकडे असतं. पडदा आपल्या छातीकडे करून दोघांनी उचला. मागचं प्लास्टिक धरून उचललात तर तो पुढे कोलमडतो. गाडीत पडदा खाली करून जाड गादीवर ठेवला तरी चालेल. सपाट टीव्हीचं उलटं आहे: तो नेहमी उभा, कधीही आडवा नाही, आणि पडद्यावर अंगठा दाबून धरायचा नाही. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वर चादर, आणि सीटला पट्ट्याने आवळून.

वाटेत फुटलाच तर

नळी फुटली तर मुलांना आणि पाळीव प्राण्यांना लांब करा. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. मोठे तुकडे पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्यात, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपून. कोरड्या झाडूने झाडलंत तर भुकटी हवेत उडेल.

पाऱ्याचा सपाट टीव्ही आतून फुटल्याची शंका असेल तर खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नाही, तो पाऱ्याची वाफ घरभर फिरवतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, उरलेलं चिकटपट्टीने उचला, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. ती बरणी टीव्हीबरोबरच त्या केंद्राकडे जाईल. आधी फोन करून सांगा, म्हणजे ते वेगळी घेतील.

सोपवताना आणि सोपवेपर्यंत

पावती मागा. तिच्यावर तारीख, मॉडेल क्रमांक आणि घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असावा. देण्याआधी मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा; उद्या तोच टीव्ही रस्त्याकडेला सापडला तर तुमच्याकडे पुरावा राहतो.

जवळपास केंद्र नसेल तर घाई करू नका. अखंड नळीतून काही गळत नाही, शिसं काचेत पक्कं बांधलेलं असतं. काचेचा चुरा होऊन ती पाण्यात पडली की ते सुटायला लागतं. तेव्हा कोरड्या जागी, जमिनीलगत, लहान मुलं ओढून पाडणार नाहीत असा ठेवा आणि संकलन मोहिमेची वाट बघा. प्लग गुंडाळून त्यावर ‘बंद, ई-कचऱ्यासाठी’ अशी चिठ्ठी लावा. नाहीतर दोन महिन्यांनी घरातलं कोणीतरी तो चालतो का बघायला प्लग खोचणार, हे नक्की.